निर्धास्तपणाचा हप्ता

‘भाड्याचे पैसे पाण्यात जातात, हप्त्याचे घरात राहतात’ हे मुंबई-पुण्याच्या नोकरदार घरांत इतके मुरले आहे की त्याचा हिशेब मांडण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. पुण्याच्या उपनगरातला ८० लाखांचा तयार फ्लॅट उदाहरण म्हणून घेऊ. अशा घराचे भाडे महिना २२ हजार धरू, म्हणजे वर्षाला किमतीच्या सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. या दोन्ही शहरांत हे प्रमाण साधारणपणे अडीच ते साडेतीन टक्क्यांतच घुटमळते. घर विकत घ्यायचे तर बँक किमतीच्या ८० टक्के, म्हणजे ६४ लाख देईल. उरलेले १६ लाख, सात टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी असे जवळपास २२ लाख खिशातून काढावे लागतील. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी हप्ता बसतो सुमारे ५५,५०० रुपये. पहिल्या हप्त्यातले ४५ हजारांहून अधिक निव्वळ व्याजाचे असतात. पाच वर्षांत बँकेला ३३ लाख ३० हजार देऊन झाल्यावर कर्ज शिल्लक असते ५६ लाख ४० हजार. याचा अर्थ २५ लाख ७० हजार व्याजात गेले. दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढत जाणारे भाडे त्याच काळात साडेचौदा लाखांच्या थोडे वर जाते. पाण्यातच घालायचे म्हटले तर मालकाच्या बादलीचे माप मोठे आहे. व्याजदर अर्धा-पाऊण टक्क्याने उतरला तरी चित्र पालटत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते की घराची किंमतही वाढते. वाढते खरी, पण किती वाढली म्हणजे बरोबरी होते? वरच्या उदाहरणात व्याज, मुद्रांक शुल्क, सोसायटीचा मेंटेनन्स आणि सुरुवातीला घातलेल्या २२ लाखांवर बुडालेले व्याज मिळवा आणि त्यातून वाचलेले भाडे वजा करा. पाच वर्षांनी घर एक कोटी सात-आठ लाखांना विकले गेले तरच फिटंफाट होते. त्यासाठी किंमत सलग पाच वर्षे दरसाल सहा टक्क्यांहून अधिक वाढायला हवी. रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक अलीकडच्या वर्षांत ढोबळमानाने तीन ते पाच टक्क्यांनीच वाढत आला आहे. मोक्याच्या जागा याहून वेगाने वाढतात हे मान्य, पण ती मोक्याची होती हे नंतर कळते. शिवाय फ्लॅटमध्ये किंमत वाढते ती जमिनीची; इमारत दरवर्षी जुनी होत असते. आणि कितीतरी सोसायट्यांच्या नावावर अजून जमीनच नाही, कन्व्हेयन्स (जमिनीच्या मालकीचे हस्तांतरण) बिल्डरकडे अडकलेला. करसवलतीबद्दल फार लिहिण्यासारखे उरलेले नाही. आता मूळ धरल्या जाणाऱ्या नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची दोन लाखांची वजावट मिळत नाही. (घरभाडे भत्त्याचीही मिळत नाही, म्हणून त्या बाबतीत दोघे सारखेच.) बांधकाम चालू असलेल्या घरात तर ताबा लांबला की भाडे आणि बँकेचे व्याज दोन्ही एकाच पगारातून भरावे लागते.

मग शिकलीसवरलेली, एरवी भाजीतही घासाघीस करणारी माणसे हा व्यवहार का करतात? माझ्या मते ती अडाणी नाहीत. ती हप्त्यातून घर नव्हे, निर्धास्तपणा विकत घेत असतात. अकरा महिन्यांनी मालकाचा फोन येणार नाही, मुलांची शाळा अर्ध्यावर बदलावी लागणार नाही, दर दोन वर्षांनी टेम्पो आणि दलाली यांचा भुर्दंड पडणार नाही, भिंतीला खिळा ठोकायला परवानगी लागणार नाही, याची ती किंमत असते. आमच्या उदाहरणात ही किंमत सुरुवातीला महिना ३३ हजार रुपये आहे. सगळेच काही वाया जात नाहीत, दहा हजारांचे मुद्दल त्यात आहे. तरी बाकीचे तेवीस हजार हे निर्धास्तपणाचेच शुल्क. प्रश्न असा की ही वस्तू एवढी महाग का झाली.

याचे उत्तर आपल्या भाडे कायद्यांच्या इतिहासात सापडते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधली आणि भाडेकरूला जवळजवळ कायमचे संरक्षण दिले. १९७३ मध्ये त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जागेत असलेल्या लायसन्सधारकांनाही, म्हणजे फक्त वापराच्या परवान्यावर राहणाऱ्यांनाही, भाडेकरूचा दर्जा मिळाला. आत बसलेल्याचे भले झाले, पण भाड्याने देण्यासाठी चाळी-इमारती बांधण्याचा धंदा आटला आणि मालक घर द्यायला कचरू लागले. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीतले आकडे बोलके आहेत. भारतीय शहरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत चार लाख ऐंशी हजारांच्या आसपास घरे रिकामी होती. ज्या शहरात माणसे दहा बाय दहाच्या खोलीत राहतात, तिथे इतकी घरे कुलूपबंद राहतात ती बऱ्याच अंशी ‘भाडेकरू उठलाच नाही तर?’ या धास्तीने.

ही धास्ती आता जुनी झाली आहे आणि नेमके हेच आपल्या लक्षात आलेले नाही. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मिळवता येतो आणि न उठणाऱ्याकडून दुप्पट शुल्कही. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची. इतर राज्यांत अकरा महिन्यांची प्रथा पडली ती वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही म्हणून. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचाही नोंदवावाच लागतो, मग अकराच का? नोंदणी साठ महिन्यांपर्यंतच्या कराराची सरळ होते. २२ हजारांचे भाडे आणि एक लाख डिपॉझिट असलेल्या तीन वर्षांच्या कराराला मुद्रांक शुल्क लागते दोन हजारांच्या आसपास. दरवर्षीची वाढ आधीच लिहून घेतली आणि दोघांनाही बांधणारा लॉक-इन घातला, की हवा असलेला निर्धास्तपणा बराचसा पदरात पडतो. अकरा महिन्यांचा आग्रह धरण्यात खरा फायदा एजंटाचा, कारण प्रत्येक नव्या भाडेकरूमागे दलाली नवी.

मालक तयार होत नाहीत, असा आक्षेप येईल. काही होणार नाहीत. पण घर दोन महिने रिकामे राहिले तर वर्षाचे सतरा टक्के भाडे जाते, हे त्यांनाही समजते. तीन वर्षे टिकणारे कुटुंब त्यांच्याही सोयीचे आहे. यापेक्षा गंभीर आक्षेप आडनाव, धर्म, आहार किंवा एकटेपणा पाहून घर नाकारले जाण्याचा. त्यावर करारातले कोणतेही कलम चालत नाही, आणि ज्यांना हा अनुभव वारंवार येतो त्यांनी महाग पडले तरी घर घेतले तर त्यांना गणित शिकवायला जाऊ नये. तिसरा आक्षेप शिस्तीचा: हप्ता असला की बचत आपोआप होते, भाड्याने राहणारा वाचलेले पैसे उडवतो. हे अनेकांबाबत खरे आहे. पगाराच्या दिवशी हप्ता आणि भाडे यांच्यातला फरक आवर्ती ठेवीत किंवा म्युच्युअल फंडात आपोआप वळता होत नसेल, तर वरचा सगळा हिशेब कागदावरच राहतो.

म्हातारपणाचा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पेन्शन नसलेल्या माणसाला सत्तरीत वाढते भाडे झेपत नाही, आणि वयस्कर जोडप्याला घर द्यायला मालक का-कू करतात. तेव्हा कधीतरी स्वतःचे छप्पर हवेच. मात्र त्यातून अठ्ठाविसाव्या वर्षी, नोकरी कोणत्या शहरात टिकेल हे ठाऊक नसताना, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घ्यायला हवे असे निघत नाही. बदली झाली, दोघांपैकी एकाची नोकरी सुटली, तर हेच घर पायातली बेडी होते. दहा-बारा वर्षे एकाच ठिकाणी राहण्याची खात्री झाली आणि हप्ता एकाच्या पगारात बसत असला, तर खुशाल घ्यावे. म्हातारपणासाठीचे घर कचेरीपासून अर्ध्या तासावर असण्याचीही गरज नाही. हिंजवडीत भाड्याने राहून साताऱ्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात पंचेचाळिशीनंतर कमी कर्जात घर घेता येते, आणि ज्यांचे गावी वडिलोपार्जित घर आहे त्यांनी पुण्यात बुकिंगची रक्कम भरण्याआधी त्याचे छप्पर दुरुस्त करायला किती लागतील, हे गवंड्याला विचारून पाहावे.