वांझ ठरवण्याआधी गोळ्यांचं पाकीट उलटून पाहा

लग्नाला चार वर्षं झाली, पाळी येत नाही, कूस उजवत नाही, की पैनगंगेच्या अलीकडच्या बेला-जैनथकडच्या मराठी घरांत निकाल ठरलेला असतो: खोट पोरीतच आहे. माहूरच्या रेणुकेला नवस बोलला जातो, आणि हळूहळू मुलाच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू होते. श्रद्धेशी माझं भांडण नाही. तपासाआधी दिलेल्या या निकालाशी आहे. तो खोटा आहे आणि क्रूरही.

याच घरांतल्या आज्यांना एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक असते: अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी लवकर येत नाही. यामागचं संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन. मानवी प्रोलॅक्टिन शास्त्रज्ञांना वेगळं ओळखता आलं ते १९७०च्या सुमारास. आज्यांचा अनुभव त्याहून कितीतरी जुना. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून हे दूध आणणारं संप्रेरक स्रवतं. ते वाढलं की मेंदूतून ठरावीक अंतराने सुटणारं जीएनआरएच हे संप्रेरक मंदावतं. मग अंडाशयांना हुकूम देणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं उतरतात, बीजांड पिकत नाही, इस्ट्रोजेन घटतं, पाळी थांबते. बाळंतिणीत ही निसर्गाची सोय आहे. कडेवर बाळ नसताना तेच घडलं, तर कारण शोधायला हवं. अंडाशय बहुधा धडधाकट असतात. त्यांना वरून हुकूमच येत नाही.

‘पाळी नाही, तर कटकट गेली,’ असंही कुणी म्हणतं. इस्ट्रोजेन फार काळ कमी राहिलं की हाडं ठिसूळ होतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

प्रोलॅक्टिन वाढण्याचं कारण कधीकधी घरातल्या फळीवरच असतं. औषधाच्या दुकानातून ‘गॅसची गोळी’ म्हणून आणलेलं पाकीट उलटून बघा. रॅबेप्राझोलच्या शेजारी बारीक अक्षरांत लेव्होसल्पिराइड किंवा डॉम्पेरिडोन लिहिलेलं सापडेल. ही दोन्ही डोपामाइनला अडवतात, आणि प्रोलॅक्टिनला आवर घालतं ते डोपामाइनच. मानसिक आजारावरच्या रिस्पेरिडोननेही असंच होतं. पण ते औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. मंदावलेला थायरॉइड हेही एक कारण. कधी पीयूषिकेत गाठ असते. गाठ म्हटल्यावर घर हादरतं, पण ही गाठ जवळजवळ कधीच कर्करोगाची नसते. आठवड्यातून एकदोनदा घ्यायच्या कॅबरगोलिनच्या गोळीने बहुतेकींची गाठ आक्रसते, पाळी परतते, दिवसही राहतात.

पण म्हणून रिपोर्टमधला प्रोलॅक्टिनचा आकडा जरासा चढला की लगेच गोळी, हेही मला मान्य नाही. सुईच्या भीतीनेही प्रोलॅक्टिन वाढतं. आधी गर्भ राहिलाय का ते पाहावं, थायरॉइडची टीएसएच चाचणी करावी, थोडीच वाढ असेल तर रक्त पुन्हा तपासावं.

आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. आणि नवऱ्यालाही सोबत न्या. तपासणी त्याचीही व्हायला हवी.