गिरणगावचा इतिहास आणि पटवर्धनांचा कॅनव्हास

प्रादेशिक इतिहासाचे आणि सांस्कृतिक अस्मितेचे चित्र म्हटले की महाराष्ट्रात आजही बहुधा गडकोट, फेटा, नऊवारी आणि नथ यांचीच अपेक्षा असते. ही अपेक्षा अकारण रुजलेली नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) यांच्यासारख्या समर्थ चित्रकाराने शिवकाळातील प्रसंग आणि मराठी स्त्रियांचे नित्याचे जीवन ज्या अधिकाराने रंगवले, त्यातूनच मराठी माणसाच्या मनात स्वतःची एक प्रतिमा घडली. मात्र पुढच्या पिढ्यांनी त्या प्रतिमेतील निरीक्षण टाकून केवळ वेशभूषा उचलली. परिणामी ज्या काळात कोकणातून आणि घाटावरून लाखो माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली, चाळींत राहिली, संपात उतरली आणि अखेरीस शहराबाहेर फेकली गेली, तो काळ ‘मराठी अस्मिते’च्या चित्रांत जवळजवळ उमटलाच नाही. समकालीन चित्रकलेत ही उणीव सर्वांत गांभीर्याने भरून काढण्याचे श्रेय सुधीर पटवर्धन यांना द्यावे लागते.

पटवर्धन यांचा जन्म 1949 चा, पुण्यातला. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी घेऊन ते मुंबईला आले आणि पुढे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी दीर्घकाळ व्यवसाय केला. कलाशाळेचे शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. शरीराच्या आत पाहण्याचा व्यवसाय आणि शरीराच्या बाहेरील आयुष्य रंगवण्याची ओढ यांचा संबंध समीक्षकांनी वारंवार जोडला आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ठाण्यात राहिल्यामुळे कारखाने, लोकल गाड्या, नाले, डोंगरउतारावर चढत गेलेली वस्ती आणि पाळी संपवून परतणारे कामगार हा त्यांच्यासाठी अभ्यासाला निवडलेला विषय नव्हता, तो रोजचा शेजार होता. 1981 साली भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी यांच्यासह ते ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात सहभागी झाले. अमूर्त चित्रांना प्रतिष्ठा असलेल्या त्या काळात माणसाची आकृती आणि तिचा परिसर पुन्हा चित्राच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या, म्हणजेच आकृतिप्रधान आणि कथनपर, चित्रकलेचा हा सामूहिक पुरस्कार होता.

‘इराणी रेस्टॉरंट’ (1977) किंवा ‘ट्रेन’ (1980) या सुरुवातीच्या चित्रांतील माणसे पाहिली की त्यांचे वजन प्रथम जाणवते. रुंद खांदे, जड हात, घट्ट बांधणीचे धड अशा या आकृती दया मागत नाहीत आणि घोषणाही देत नाहीत. त्या जागा व्यापतात. कामगाराला पिळवटलेला बळी किंवा मूठ उगारलेला वीर म्हणून रंगवण्याची सोय त्या काळात सहज उपलब्ध होती, आणि पटवर्धन स्वतः डाव्या विचाराकडे ओढलेले असूनही त्यांनी ती नाकारली. त्यांच्या चित्रातील माणूस कोणत्या विचारसरणीचा आहे हे आकृतीवरून सांगता येत नाही. मात्र तो थकला आहे, त्याला गाडी पकडायची आहे आणि हे शहर त्याच्या हातांनी उभे राहिले आहे, एवढे निश्चित कळते.

1984 च्या ‘टाउन’पासून त्यांची नजर एका माणसावरून साऱ्या वस्तीवर गेली. येथे त्यांनी परिप्रेक्ष्याची, म्हणजे एका स्थिर डोळ्याला दिसणारे अंतर सपाट पृष्ठभागावर मांडण्याची, युरोपीय शिस्त जाणीवपूर्वक सैल केली, त्यामुळे एकाच कॅनव्हासवर रस्ता वरून, घर समोरून आणि माणूस जवळून दिसू शकतो. भारतीय लघुचित्रांत ही रीत जुनीच आहे, आणि सिएना येथे अँब्रोजिओ लोरेंझेत्ती यांनी 1338–39 मध्ये रंगवलेल्या नगराच्या भित्तिचित्रांतही ती आढळते. पटवर्धनांच्या चित्रात या रीतीमुळे इतिहासाचे वेगवेगळे थर एकाच वेळी नजरेसमोर राहतात, आणि कोणता थर आधी पाहायचा हे पाहणाऱ्याला ठरवावे लागते.

याचे सर्वांत प्रभावी उदाहरण म्हणजे 2001 सालचे ‘लोअर परळ’. गिरण्या आणि त्यांच्या चिमण्या, जुनी वस्ती, चालणारी माणसे आणि त्यांच्या डोक्यावर उंचावत जाणारे टॉवर हे सारे या विस्तीर्ण चित्रात एकत्र येते. त्यामागील घटनाक्रम आठवला तर चित्राचा अर्थ अधिक खोल होतो. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर एकामागून एक गिरण्या थंडावल्या, आणि सुमारे 600 एकर जमिनीचे काय करायचे हा प्रश्न उरला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 नुसार त्या जमिनीचा एक वाटा खुल्या जागांसाठी महापालिकेला, दुसरा घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकांना, अशी विभागणी ठरली होती. परंतु 2001 मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित करण्यात आली, ज्यामुळे सार्वजनिक वाटा कमालीचा आक्रसला, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. ज्या वर्षी शासनाच्या एका दुरुस्तीने गिरणगावचे भवितव्य ठरवले, त्याच वर्षी एका चित्रकाराने गिरणगाव दिसत होते तसे नोंदवून ठेवले. प्रादेशिक इतिहासाचे चित्र याहून वेगळे काय असते?

या चित्रसृष्टीची एक मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पटवर्धनांच्या गर्दीत वर्ग ठळकपणे दिसतो, जात मात्र क्वचितच उघड होते. वास्तविक गिरण्यांतही धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्याबाहेर ठेवले जात असे. ही बाजू नागपूरचे सवी सावरकर यांनी मांडली. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य, देवदासी, त्यांच्यासमोरील सत्ताधारी पुरोहित अशा आकृती त्यांनी ओरखडल्यासारख्या रेषांत आणि भडक रंगांत उभ्या केल्या. ज्या पेशवाईचा अभिमान ऐतिहासिक चित्रांच्या परंपरेत मिरवला जातो, तिच्याकडे रस्त्यावर चालणाऱ्या अस्पृश्याच्या डोळ्यांनी पाहिल्यावर काय दिसते, हा सावरकरांचा प्रश्न आहे. पटवर्धनांचा संयम आणि सावरकरांचा संताप यांपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही. मात्र सावरकरांच्या चित्रांना मराठी कलाविश्वात जेवढी चर्चा मिळायला हवी होती तेवढी मिळालेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

पटवर्धनांच्या कामाचे मोठे सिंहावलोकन 2019 मध्ये नॅन्सी अदजानिया यांच्या संयोजनाखाली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात झाले. ते संग्रहालय फोर्टमध्ये आहे. चित्रांतील माणसे परळ, ठाणे, उल्हासनगर येथे राहतात. हे अंतर पटवर्धनांना स्वतःला जाणवत असावे, कारण 2008–09 च्या सुमारास त्यांनी समकालीन भारतीय चित्रांचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत नेले होते. मूळ कलाकृती महानगराबाहेर नेण्याची कल्पना या राज्याला नवी नाही. औंधसारख्या छोट्या संस्थानाच्या राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी, 1938 मध्येच देशी-विदेशी चित्रांचे संग्रहालय आपल्या गावात उभारले.

काळाचौकी येथे इंडिया युनायटेड गिरणीच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचे काम मुंबई महापालिकेने हाती घेतले आहे. तेथे यंत्रे, माग आणि छायाचित्रे मांडली जातील. त्यांच्या जोडीला गिरणगाव रंगवणाऱ्या चित्रकारांची मूळ चित्रे, कायमस्वरूपी नाही तरी काही काळ उसनी घेऊन, लावण्यासाठी महापालिकेने एक दालन राखून ठेवावे आणि त्याला प्रवेशशुल्क असू नये.