कुत्र्याला चावायला काय द्यावं?



मागच्या महिन्यात एका भगिनीचं पत्र आलं. घरात पाच महिन्यांचं पिल्लू आहे, आणि त्यानं चार आठवड्यांत दोन चपला, सोफ्याचा एक कोपरा आणि थोरलीची भूगोलाची वही एवढ्यांचा निकाल लावलाय. यजमानांनी बजावलंय की आणखी एक वस्तू गेली तर त्याला बाजारात सोडून येणार. ‘मुलं रडतात, हे ऐकत नाहीत, मी काय करू?’ असा पत्राचा शेवट.

बाई गं, आधी यजमानांना एवढं सांगा की पिल्लू वाईट वळणाचं नाही, त्याचे दात पडताहेत. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या महिन्यात ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईतो त्याला मोठे ४२ दात येतात. तोवर हिरड्या नुसत्या शिवशिवत असतात. आपल्या तान्ह्यांच्या हातात आपण गाजर नाही का देत? मग यानंच काय पाप केलंय!

मोठे दात आले की चावणं कमी होतं, पण संपत नाही. आमच्या पालीचंच सांगते. (बल्लाळेश्वराचं पाली रायगडात. आमचं रत्नागिरी तालुक्यातलं, मुंबई-गोवा रस्त्याला कोल्हापूरकडचा रस्ता फुटतो ते.) इथं कुत्र्याला मोकळं सोडायची सोय राहिलेली नाही. दिवसा हमरस्त्यावरचे ट्रक, रात्री बिबट्या. बिबट्याला आम्ही वाघच म्हणतो, आणि अंगणातलं कुत्रं त्याला आयतंच मिळतं. म्हणून दिवेलागणीला आमचा वाघ्या पडवीत आत. नाव वाघ्या आणि वाघाच्या भीतीनं कोंडलेला, हा विनोद आमचे हे रोज एकदा तरी करतात. पण दहा-बारा तास कोंडलेल्या जनावरानं करायचं काय? शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याचं तेच. जीव कंटाळला की खुर्चीचा पाय गोड लागतो. त्याच्या दातांना काम हवं, आणि ते आपणच शोधून दिलं पाहिजे.

आता बहुतेकांना वाटतं, टिकाऊ म्हणजे कठीण. द्या एखादं हाड, द्या चुलीतलं लाकूड. इथंच घोटाळा होतो. कुत्र्याच्या दातावरचं कवच आपल्या दातांपेक्षा पातळ असतं. तो चावतो मागच्या दाढांनी, कात्रीसारखा, डोकं एका बाजूला कलवून. वरच्या जबड्यातली ती मोठी कात्रीची दाढ फार कठीण वस्तूवर जोर दिला की तिचा कपचा उडतो. दाढ दुखते, सडते, आणि बिचारं मुकं जनावर सांगणार कसं? शिजवलेलं हाड तर मोडून त्याचे टोकदार काटे होतात. लाकडाच्या, बांबूच्या कपच्या टाळूत रुततात. दुकानात हल्ली याकच्या किंवा गाईच्या दुधाच्या चीजच्या पिवळट कांड्या मिळतात, नेपाळकडच्या पहाडी लोकांच्या छुरपीसारख्या. त्यांतल्या कित्येक दगडासारख्या असतात. परीक्षा अगदी सोपी आहे. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून पाहा. नख जराही रुतलं नाही, तर ती वस्तू कुत्र्यासाठी नाही.

या बाबतीतली एक खरी गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात जो मार्कहॅम नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे पोलिसांच्या सेवेतून आलेला फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता. त्याला दगड चावायची खोड, आणि त्यापायी दात झिजत चाललेले. (आपल्याकडे जांभ्याचे तुकडे चघळणारी कुत्री तुम्ही पाहिली असतील.) १९७० नंतरच्या दशकात एकदा मार्कहॅम आपली फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत होते. फ्रिट्झचं लक्ष दगडावरून काढायला ते एकेक सुटा भाग त्याच्याकडे फेकत होते. त्यातला एक रबरी भाग फ्रिट्झनं धरला तो सोडेचना! त्यावरून त्यांनी पोकळ रबरी खेळणं बनवलं, एकावर एक तीन गोळे ठेवल्यासारखं, आणि १९७६ साली ‘काँग’ ही कंपनी काढली. आज ते खेळणं जगभर विकलं जातं. त्यातलं मर्म असं की रबर दाताखाली दबतं आणि परत फुगतं. दातही वाचतो आणि वस्तूही.

मात्र मऊ म्हणून काहीही दिलं तर दुसरं संकट. तुकडे तुटतात आणि गिळले जातात. हवाई चपलेचा स्पंज, प्लॅस्टिकची बाटली, खेळण्यातल्या बाहुलीचे डोळे, सगळं पोटात. शेजारच्या वहिनींकडचा कुत्रा मे महिन्यात आंब्याचा बाठा गिळून बसला. बाठा विरघळत नाही, पुढे सरकतो आणि आतड्यात बुचासारखा अडकतो. कुत्रा ओकत राहिला, घरच्यांना वाटलं, उन्हानं होतंय. तिसऱ्या दिवशी गाडी करून दवाखान्यात नेला, पोट उघडावं लागलं, आणि तो काही वाचला नाही. वहिनींची धाकटी अजून आंबा खाताना बाठा मोजून कचऱ्यात टाकते. तेव्हा कुत्रं पुन्हा पुन्हा ओकू लागलं, खाणं सोडलं, शी होईना, पाठ कमानीसारखी करून बसलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि मागच्या बाजूनं दोरा लोंबताना दिसला तर ओढू मुळीच नका. आत तो आतड्याला गुंतलेला असतो, ओढला की आतडं चिरतं.

म्हणजे खेळणं नखाला मऊ हवं, पण दाताला तुटता कामा नये. मी पाहिलंय, कुत्रं सुरुवात नेहमी कडेपासून करतं. शिवण, काठ, बटण, लोंबतं टोक, जे म्हणून कात्रीच्या दाढांमध्ये धरता येईल तिथून ते उकलतं. कड जितकी कमी, तितकं खेळणं टिकतं. घरी करायचं तर म्हणूनच शिवलेली बाहुली नको, गोफ करा.

जुनी सुती चादर घ्या. नायलॉनची साडी नको, तिचे धागे चिवट असतात आणि पोटात गुंततात. चादरीच्या हातभर लांब नव्हे, चांगल्या दोन हात लांब आणि वीतभर रुंद अशा चार पट्ट्या फाडा. कापण्यापेक्षा फाडलेल्या बऱ्या, सुताच्या रेषेत जातात. काठाचे सुटे दोरे आधीच ओढून काढा. चारही पट्ट्या एकत्र घेऊन एका टोकाला गच्च गाठ मारा, टोक दोन बोटांहून जास्त ठेवू नका. आता तीन पेडी चपटी वेणी नव्हे, चार पेडी गोल गोफ घाला. चपटी वेणी दाढांत नीट बसते आणि लवकर उकलते, गोल निसटत राहते. प्रत्येक वळशाला सगळा जोर लावून आवळा. मी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींकडून करवून घेते. एक धरतो, एक विणतो, तेव्हा कुठं हवा तसा घट्ट होतो. शेवटी दुसरी गाठ. गाठ कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावता कामा नये, सुळ्यांच्या मागे गेली तर ती गिळली जाऊ शकते. कुत्रं मोठं असेल तर पट्ट्या दुप्पट रुंद घ्या.

यापेक्षा मजबूत हवा असेल तर मुलांच्या विटलेल्या जीनच्या पायांच्या पट्ट्या वापरा. तिरकस विणीचं ते कापड फार सोसतं. फक्त चेन, पितळी बटणं आणि खिशाच्या कोपऱ्यांवरचे धातूचे ठोकळे काढून टाका. दात पडणाऱ्या पिल्लासाठी तोच गोफ पाण्यात भिजवून, पिळून, दोन तास बर्फाच्या कप्प्यात ठेवा. गार गार चावलं की हिरड्यांना फार बरं वाटतं. पत्रलेखिकेनं हे आजच करावं.

रबरी पोकळ खेळणं विकत घेणार असाल तर त्याला दोन्हीकडे भोकं आहेत ना ते पाहा. एकच भोक असलं की आतली हवा ओढली जाऊन जीभ अडकून बसू शकते. त्यात भाकरीचा कुस्करा आणि दही, किंवा उकडलेलं रताळं भरून गोठवा. वाघ्या यावर पाऊण तास काढतो. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा आणि बिनसाखरेच्या गोड वस्तू मात्र आत जाता कामा नयेत, कुत्र्याला विषासारख्या असतात. जुना टायर देऊ नका, आत तारा असतात. टेनिसचा चेंडू फेकायला ठीक, चघळायला नाही, त्याच्या लवेत माती बसते आणि दात कानसल्यासारखे झिजतात.

राहता राहिलं आमच्याकडे फुकट मिळणारं नारळाचं सोडण. कुत्र्यांना ते ओरबाडायला फार आवडतं. माझं मत विचाराल तर ते अंगणात, तुम्ही समोर बसलेल्या असाल तेव्हाच द्या, आणि काथ्या गिळणाऱ्या कुत्र्याला अजिबात नको. करवंटी तर कधीच नाही, तिची धार फार वाईट.

आणि जुनी चप्पल ‘घे ही तुला’ म्हणून देऊ नका. जुनी कोणती नि कोल्हापुरी नवी कोणती, हे त्याला कळत नाही. चप्पल तोंडात दिसली तर आरडाओरडा करत मागे धावूही नका, त्याला तो खेळच वाटतो. शांतपणे गोफ पुढे करा, त्यानं धरला की चप्पल उचला. खेळणी तीन-चार ठेवावीत आणि आलटून पालटून काढावीत, रोज तेच पाहून त्यालाही वीट येतो.

दर रविवारी गोफ हातात घेऊन तपासा. सुटे दोरे लोंबायला लागले की कात्रीनं कापा. पेड उकलून आतला भाग दिसला किंवा गाठ तोंडात मावू लागली, तर केराच्या टोपलीत, हळहळायचं नाही, चादरी घरात पुष्कळ असतात. धुताना साबण नको, उकळतं पाणी आणि कडक ऊन पुरे. पावसाळ्यात तो फ्रिजच्या मागे टांगून वाळवा. ओलसर राहिला तर बुरशी धरतो, आणि असा काही वास सुटतो की वाघ्यासुद्धा तोंड फिरवून पुन्हा खुर्चीच्या पायाकडे वळतो.