पेव

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मी वर्गात गेली वीस वर्षे शिकवीत आलो आहे. पेव म्हणजे धान्य साठविण्यासाठी जमिनीत खणलेली खोल जागा, हे मला झोपेतही सांगता येईल. परंतु पेव नावाचे फुलझाडही आहे, हे मला आईने शिकविले.

कोकणातले घर विकले तेव्हा आई पुण्याला आमच्याकडे राहावयास आली. बरोबर एक ट्रंक, आणि फडक्यात गुंडाळलेला आल्यासारखा एक गड्डा. “वहाळाच्या काठचं पेव आहे. नळाजवळ ओल असते ना, तिथं लाव. डोळा वर ठेव,” ती म्हणाली.

भिंतीच्या सावलीत मी तो चार बोटे खोल पुरला. पहिल्या पावसात कोंब आले आणि भाद्रपदापर्यंत झाड माझ्या खांद्याला लागले. पाने दांड्याभोवती गोल जिन्यासारखी चढत गेलेली. टोकाला तांबड्या खवल्यांचे बोंड, आणि त्यातून रोज एकदोन पांढरी, चुणीदार, आत पिवळसर फुले. फूल एका दिवसाचेच. पण काळा भुंगा आत शिरला, की पाठीला पराग माखूनच बाहेर येई. आई पायरीवर बसून ते पाहत असे, आणि गावच्या गोष्टी सांगत असे. एरवी ती गप्पच असे.

मार्गशीर्षात दांडे वाळले. नीटनेटकेपणा हा माझा जुना रोग. एका रविवारी आई कीर्तनाला गेली असता मी ते सारे उपटून मातीसकट कुंपणापलीकडे टाकले आणि तिथे शेवंती लावली. आई आली, तिने कोपऱ्याकडे पाहिले आणि “बरं” एवढेच म्हणाली. रागावली असती तर सोपे गेले असते. त्यानंतर ती पायरीवर बसेनाशी झाली.

आषाढात कुंपणापलीकडे, गटाराच्या काठी, मला तीन कोंब दिसले. अंधार पडल्यावर खुरपे घेऊन मी ते घरी आणले. आई दारातच उभी होती.

“मेलं नव्हतं रे ते. उन्हाळाभर जमिनीत साठवून राहतं. तुझ्या त्या धान्याच्या पेवासारखंच.”

ही व्युत्पत्ती कोशात आहे की नाही, ते मी मुद्दामच पाहिलेले नाही.

वाचकहो, कोकणापासून आसामपर्यंत ओलसर रानांत वाढणारे हे आपले झाड फार लाड मागत नाही. पावसाळ्यात ओल आणि अर्धी सावली द्यावी. दांडे वाळले की पाणी कमी करावे आणि गड्डा मात्र हलवू नये.

यंदाच्या दिवाळीत पाने पिवळी पडू लागली आहेत. तो कोपरा आता मोकळा होणार का, असे आमच्या सौ. विचारीत होत्या. मी तिथे खुणेची काठी रोवून ठेवली आहे.