बाबा, आवाज कसला येतोय?

‘अरे, डावीकडे वळवली की गाडी खर्रर्र करते.’

बाबांचं हे वाक्य मी फोनवर दोन महिने ऐकत होतो. माझं उत्तरही ठरलेलं, ‘रस्ता खराब असेल हो बाबा. मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो.’ तो ‘नंतर’ काय असतो, ते तुम्हाला सांगायला नकोच.

त्याचं असं झालं, पुण्यात ऑफिसची कॅब सुरू झाली आणि माझी सेडान जालन्याला बाबांकडे गेली. पाठवण्याआधी तिला चार नवे टायर घातले. ओरिजनल साइझ १८५/६५ आर १५. टायरवाला म्हणाला, ‘साहेब, याच रिमवर २०५ बसतो. लूक बघा काय येतो!’ बसवले. लूक आला, खोटं कशाला बोलू?

मग एका शुक्रवारी आईचा फोन. पुढच्या आठवड्यात नागपूरला लग्न, आणि हे दोघं स्वतःच गाडी घेऊन समृद्धीवरून जाणार. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाल्यापासून आमच्या जालन्याच्या लोकांना नागपूर म्हणजे शेजारचं गावच वाटतं. सकाळी निघायचं, जेवायला तिकडे. कारना १२०ची मर्यादा. माझ्या डोक्यात एकदम तो खर्रर्र वाजला. रात्रीची बस पकडली.

बसमध्ये झोप नव्हतीच, म्हणून निदान करत बसलो. वळताना टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ आली तर बेअरिंग. पण फक्त पूर्ण वळवल्यावर, नाहीतर मागे माणसं बसलेली असताना खड्ड्यात, असा घासल्याचा आवाज आला तर टायर मडगार्डच्या आत लागतोय. तिथे काळं प्लॅस्टिकचं कवच असतं, लायनर. कधीकधी त्याच्या क्लिपा तुटतात आणि ते लोंबतं. बस, तेवढंच असेल. पाचपन्नास रुपयांचं काम!

सकाळी गाडी रोलिंग मिलच्या बाजूच्या गॅरेजला. मिस्तरी एक शब्द बोलला नाही. आईच्या जुन्या शाळेच्या डब्यातला खडू मी नेला होता, तो घेऊन त्याने दोन्ही पुढच्या टायरांच्या कडांना पांढरे पट्टे ओढले. मला आणि पोऱ्याला मागे बसवून एक चक्कर मारली, दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग वळवलं. परत आल्यावर उजवा खडू जसाच्या तसा. डाव्या टायरच्या आतल्या कडेचा पुसलेला.

‘लायनर तर घट्ट आहे. टायर कुणी बदलले?’ त्याने विचारलं. मी बुटांकडे बघितलं.

हिशोब सोपा आहे. १८५/६५ची भिंत १२० मिलिमीटर उंच, २०५/६५ची १३३. म्हणजे चाक चहूबाजूंनी १३ मिलिमीटर वाढलं, रुंदीलाही प्रत्येक बाजूला १०. वर बोनस असा, की मीटरवर १२० दिसतंय तेव्हा गाडी खरं तर १२५ने पळत असते.

पण मग एकच बाजू का? मिस्तरीने स्टिअरिंग सरळ केलं आणि चाकाच्या मागच्या फटीत बोटं घातली. उजवीकडे चार बोटं मावली. डावीकडे तीन. चाक मागे सरकलं होतं! गाडी जॅकवर चढली, खालचा आर्म वाकलेला निघाला. ‘कुठंतरी जोरात आपटली,’ मिस्तरी म्हणाला.

आता बुटांकडे बघायची पाळी बाबांची होती.

अंबड रस्त्यावर रात्री उसाची ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. बाबांनी शेवटच्या क्षणी गाडी साइडपट्टीखाली घातली आणि चाक खड्ड्यात आदळलं. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

‘मला तरी सांगायचं ना!’

‘तू किल्ली काढून घेतली असतीस.’

घेतली असती. अडुसष्टाव्या वर्षी रात्री गाडी कशाला चालवता, हे भाषण माझं पाठच होतं.

मिस्तरीने टायर उतरवला. बाहेरून नवाकोरा, आतल्या कडेचं रबर सोललेलं आणि दोन जागी आतले धागे दिसत होते. ‘हा पंक्चरवाल्याकडे नेऊ नका. कडेला पॅच चालत नाही, फेकायचा,’ तो म्हणाला. असा टायर भर वेगात फुटतो, हे त्याने बाबांसमोर सांगितलं नाही. मला बाजूला घेऊन सांगितलं.

नवा आर्म, बुश, चार टायर १८५चे, अलाइनमेंट. बिल मी दिलं. बाबांनी खिशात हात घातला होता, पण मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

गाडी घरी आणताना किल्ली बाबांच्याच हातात दिली. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं, काच खाली केली आणि कान बाहेर काढून ऐकत राहिले. मागून एक रिक्षावाला हॉर्न बडवत होता, त्याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.