'आय ॲम नोइंग' आणि आपला संकोच

या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडून मी शहरातील एका महाविद्यालयात दाखल झालो. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी प्रश्न विचारला. मी उभा राहून म्हणालो, 'सर, आय ॲम नोइंग द आन्सर.' वर्ग हसला. उत्तर मला खरोखरच ठाऊक होते. पण ते न सांगताच मी खाली बसलो आणि वर्षभर पुन्हा हात वर केला नाही.

ही चूक मंदबुद्धीची नव्हे, हे मला फार उशिरा कळले. 'मला माहीत आहे', 'मला हवे आहे', 'मला दोन भाऊ आहेत' या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'असणे' उभे आहे. शिवाय 'मला वाटत आहे', 'मला समजत आहे' ही रूपे मराठीत सहज चालतात. मातृभाषेच्या आधाराने चालणारे मूल मग 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणते.

इंग्रजी मात्र क्रिया आणि स्थिती यांत भेद करते. धावणे, लिहिणे चालू असते. तेथे अपूर्ण वर्तमानकाळ शोभतो. ठाऊक असणे, जवळ असणे, हवे असणे ही स्थिती. तेथे साधा वर्तमानकाळ हवा. म्हणून 'आय नो', 'आय हॅव टू ब्रदर्स'. परंतु क्रियापदांची यादी पाठ करून भागत नाही. 'हॅव'चा अर्थ 'जेवणे' होताच 'आय ॲम हॅविंग लंच' शुद्ध ठरते. 'आय थिंक' म्हणजे माझे मत आहे. 'आय ॲम थिंकिंग' म्हणजे विचार अजून चालू आहे.

मॅकडोनाल्ड्सने २००३ साली 'आय ॲम लव्हिंग इट' अशा अर्थाचे घोषवाक्य जगभर नेले. 'लव्ह' हेही स्थितिदर्शकच क्रियापद. पण कंपनीने नियम मोडला की ती शैली ठरते आणि आपल्या मुलाने मोडला की तो हशाचा विषय होतो.

नियम शिकवू नये, असे माझे म्हणणे नाही. परीक्षेत आणि मुलाखतीत तो लागतोच. मात्र तो मराठी वाक्य शेजारी ठेवून, कारण सांगून शिकवावा. पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती : मूल अडखळत इंग्रजी बोलू लागले, तर आधी त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे आणि मगच क्रियापद दुरुस्त करावे.