मैफलीचा दाखला

गुरू सवाई गंधर्व यांच्या पुण्यस्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यात ज्या महोत्सवाचा आरंभ केला, त्याच्या मंचावरील गायनाची ध्वनिमुद्रणे पुढे रसिकांच्या घरोघरी पोहोचली, ही घटना आम्ही संगीताच्या इतिहासात महत्त्वाची मानतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. त्या मर्यादेत खुद्द सवाई गंधर्वांनाही रागाचे केवळ सारच देता आले. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात मात्र ख्यालाची सावकाश बढत, साथीदारांचा संवाद आणि समेवर उमटणारी श्रोत्यांची दाद, हे सर्व एकत्र सामावते. ही दाद व्यत्यय समजून कापून टाकावी, हे मत आम्हांस मान्य नाही. कारण जाणत्या श्रोतृवृंदाच्या प्रतिसादानेच गायकाची प्रतिभा अनेकदा पुढचे वळण घेते. म्हणून प्रकाशकांनी ती जतन करावी, आणि वेष्टनावर राग, ताल, तारीख व साथीदार यांची नोंद विनाअपवाद करावी. अशा दाखल्याविना ध्वनिमुद्रणांचे हे अमोल दफ्तर भावी अभ्यासकांस अपुरेच राहील. प्रस्तुत अंक याच आग्रहाने वाचकांच्या हाती देत आहोत.